डेन्व्हरमधली बाग आणि ती एक तारीख

नर्सरीत गल्ल्यामागे पाटी होती: 'मदर्स डे झाला की टोमॅटो लावा.' त्या पाटीवर विश्वास ठेवून मी बावीस रोपं घालवली. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. डेन्व्हरच्या आसपास कुणी नव्याने बाग करणार असेल, तर निदान त्यांची रोपं वाचोत.

बिया घरात रुजवण्यात काहीच अडचण आली नाही. मिरची आणि वांगी मार्चच्या सुरुवातीला, टोमॅटो पंधरा दिवसांनी. मग आठवडाभर रोज थोडा वेळ अंगणात ठेवून रोपांना ऊन-वाऱ्याची सवय केली. २०२२ चा मदर्स डे ८ मेला होता. मी आणखी सहा दिवस थांबले आणि १४ मेच्या शनिवारी सगळी रोपं वाफ्यात लावली.

१९ मेला दुपारी ८८ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३१ सेल्सियस. अंगणात उभं राहवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बर्फ.

हवामान खात्याने इशारा दिला होता आणि मी तो वाचलाही होता. पण आदल्या दिवशीच्या उकाड्यात त्यावर विश्वास बसेना. दुपारी धावपळ करून जुन्या चादरी आणि प्लॅस्टिक अंथरलं. रात्री ओला, जड बर्फ पडला. आमच्या गल्लीतल्या झाडांच्या फांद्या कडाकडा मोडल्या, वीज गेली, आणि चादरी बर्फाच्या वजनाने रोपांवरच बसल्या. निम्मी रोपं देठात मोडली. उरलेली अकरा जगतील असं वाटत होतं, पण खरा घात त्यानंतरच्या रात्री झाला. ढग गेले, वारा पडला, आकाश स्वच्छ. पहाटे माझ्या थर्मामीटरवर ३० अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्य सेल्सियसच्याही खाली. दिवस वर आला तशी पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबायला लागली.

मी निफाडकडची. पारा चार-पाच अंश सेल्सियसवर आला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवायच्या, पाणी सोडायचं, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्या रात्री फोनवर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "संध्याकाळी पाणी दिलंस का?" दिलं नव्हतं. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. मला हे ठाऊक होतं, पण घाईत सुचलं नाही.

सोमवारी नर्सरीत गेले. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "तारीख बरोबरच आहे, ती सरासरी असते." सरासरी! हा शब्द पाटीवर नव्हता. त्यांच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की शेवटच्या फ्रॉस्टची, म्हणजे रोपं गोठवणाऱ्या थंडीची, एकच तारीख येते, तिथेही नव्हता. नव्या माणसाला वाटतं, ही तारीख उलटली की धोका संपला. खरं तर अशी तारीख बहुतेक वेळा पन्नास टक्क्यांची असते. म्हणजे दोनातल्या एका वर्षी त्यानंतरही पारा ३२ फॅरनहाइटच्या, म्हणजे गोठणबिंदूच्या, खाली जातो. बावीस रोपांचा हा जुगार आहे हे मला आधी कळलं असतं, तर मी दोन रोपं लावून बाकीची घरात ठेवली असती.

पुढे कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार सेवेतल्या एका मास्टर गार्डनर (बागकामाचं प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवक) बाईंनी नीट समजावलं. सरकारी हवामान नोंदींत १९९१ ते २०२० या तीस वर्षांवरून काढलेले तक्ते मिळतात. त्यात ३६, ३२ आणि २८ अंशांसाठी वेगवेगळ्या शक्यतांच्या तारखा असतात. टोमॅटो, मिरचीसाठी पन्नास नव्हे, दहा टक्क्यांची तारीख बघायची. आमच्याकडे त्या दोन तारखांमध्ये साधारण दोन-तीन आठवड्यांचं अंतर पडतं. आणि नोंद विमानतळावरची. तुमचं अंगण उतारावर खाली असेल तर थंड हवा तिथेच येऊन साचते. शिवाय थर्मामीटर माणसाच्या उंचीवर असतो, पानं जमिनीजवळ. बातम्यांत ३६ सांगितलं तरी शांत, निरभ्र रात्री पानांवरचं दव गोठतं. इथली हवा कोरडी, त्यामुळे रात्री उष्णता भराभर निघून जाते.

आणखी एक घोळ झोनचा. बियांच्या पाकिटावरचा झोनचा आकडा हिवाळ्यातल्या सर्वांत कडक थंडीवरून ठरतो. गुलाब किंवा सफरचंद तगेल का, ते त्यावरून कळतं. टोमॅटो कधी लावायचा, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता मी मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबते. पुढचे दहा दिवस रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जाणार नसेल तरच लावते. सकाळी स्वयंपाकघरातला थर्मामीटर चार बोटं मातीत खुपसून बघते, ६० हवं. भेंडी आणि गवार त्याहून आठवडाभर उशिरा. थंड मातीत बी कुजतं. पण वाफे रिकामे ठेवत नाही. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा एप्रिलमध्येच पेरते. हलक्या फ्रॉस्टने पालकाला काहीही होत नाही.

शरद ऋतूत हिशेब उलटा. इथे पहिला फ्रॉस्ट साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण २०२० मध्ये ५ सप्टेंबरला १०१ अंश होते आणि ८ तारखेला बर्फ पडला. पाकिटावर पीक तयार व्हायला लागणारे दिवस दिलेले असतात, ते पहिल्या फ्रॉस्टच्या तारखेपासून मागे मोजायचे आणि वर पंधरा दिवस धरायचे, कारण दिवस लहान होतात तशी वाढ मंदावते. पहिल्या एक-दोन रात्री झाकून काढल्या तर पुढे बऱ्याचदा दोन-तीन आठवडे छान ऊन मिळतं. झाकण्याचं राहिलंच: प्लॅस्टिक पानांना टेकू द्यायचं नाही, जिथे टेकतं तिथे पान जळतं. बर्फ येणार असेल तर चादरीऐवजी उलटी बादली, वर दगड, आणि सकाळी ऊन आलं की लगेच काढायची.

कडक थंडीचा इशारा आला की हिरवे टोमॅटो सगळे तोडते. थोडा रंग धरलेले वर्तमानपत्रात गुंडाळून पिकवते, बाकीच्यांची दाण्याचं कूट घालून चटणी. ती वही, ज्यात आमच्या अंगणातला पहाटेचा पारा रोज लिहिते, यंदाही एप्रिलपासून सुरू आहे. विमानतळापेक्षा आमचा वाफा कधी तीन, कधी चार अंशांनी थंड निघतो.