माथ्यावरचा चेंडू
आज नववीच्या मुलांना त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) शिकवताना सरळ वर फेकलेल्या चेंडूपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. माथ्यावर, म्हणजे सर्वांत उंच बिंदूवर, चेंडूचा वेग शून्य होतो, म्हणून तिथे त्वरणही शून्य असणार, असे बहुतेकांना वाटत होते. हा समज स्वाभाविकच आहे, कारण डोळ्यांना गती दिसते, वेगातील बदल सहज जाणवत नाही. प्रत्यक्षात, हवेचा रोध सोडला तर, चेंडू हातातून सुटल्यापासून परत हाती येईपर्यंत त्याचा वेग खालच्या दिशेने दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका बदलतच असतो, अगदी माथ्यावरच्या त्या क्षणीसुद्धा. तिथे त्वरण शून्य झाले असते आणि तसेच राहिले असते, तर चेंडू अधांतरीच थांबला असता, हे एका मुलीने स्वतःहून मांडले, याचा मला मनापासून आनंद वाटला.