आमची वाटचाल : एका बँडचा खप आणि आमची रेकॉर्डची पेढी

आमची पेढी रेकॉर्डच्या खरेदी-विक्रीची आहे. माझ्या वडिलांनी ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सुरू केली, आईने अनेक वर्षे तिचा रोजमेळ लिहिला आणि आता ती मी चालवते. या काळात एलपी, कॅसेट, सीडी, डाउनलोड आणि पुन्हा एलपी अशी सारी स्थित्यंतरे आम्ही गल्ल्यावर बसून पाहिली. या सगळ्यांत आमच्या हिशेबाच्या वहीतून एकदाही नाहीसे न झालेले नाव म्हणजे पिंक फ्लॉइड हा इंग्लिश रॉक बँड. वडील काही त्या बँडचे चाहते नव्हते. त्यांचा कान नाट्यसंगीतावर पोसलेला, आणि ‘यांची गाणी सुरू होईपर्यंत आमच्या नाटकाचा पहिला अंक संपतो’ असे ते गिऱ्हाइकासमोरच म्हणत. पण कोणता माल उठतो आणि कोणता पडून राहतो हे त्यांना बरोबर कळत असे.

दुकान उघडले तेव्हा बँडचे नाव झालेले होते, मात्र आजच्यासारखे घरोघरी पोहोचलेले नव्हते. लंडनमध्ये १९६५ साली एकत्र आलेल्या या मंडळींचे पहिले सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, १९६७ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत विसाव्या क्रमांकावर गेले आणि दुसरे सहाव्यावर. त्याच वर्षीचा पहिला अल्बमही सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. १९७० सालचा ‘ॲटम हार्ट मदर’ हा त्यांचा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला अल्बम. त्याच्या कव्हरच्या दर्शनी बाजूला ना बँडचे नाव, ना अल्बमचे. केवळ कुरणात उभी असलेली एक गाय. गिऱ्हाईक येऊन ‘ती गायवाली द्या’ असे म्हणे आणि आई रोजमेळातही ‘गाय – १’ अशीच नोंद करी. अमेरिकेत मात्र हाच अल्बम पहिल्या पन्नासातही आला नव्हता.

यादी कशी बनते हे वडिलांनी सुरुवातीलाच समजून घेतले, आणि पुढे ते फार उपयोगी पडले. फेब्रुवारी १९६९ पासून ब्रिटनची यादी ‘ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्युरो’ ही संस्था तयार करू लागली होती. देशभरातील सुमारे अडीचशे दुकाने आपली विक्री वहीत नोंदवीत, शनिवारी दुकान बंद होईपर्यंतचा हिशेब टपालाने पाठवीत आणि त्यावरून क्रम ठरे. १९७१ च्या आरंभी टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा यादी करणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली होती, यावरून ही सारी व्यवस्था किती नाजूक होती ते लक्षात यावे. आमचे दुकान त्या निवडक दुकानांत कधीच नव्हते. त्यामुळे आम्ही विकलेल्या हजारो रेकॉर्डपैकी एकही त्या काळच्या यादीत मोजली गेली नाही. वडिलांना याचे वाईट वाटत नसे. यादी गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणते, पुढचे काम आपले, असे त्यांचे म्हणणे होते.

मार्च १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आला. ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या, काळ्या कव्हरवर लोलक आणि प्रकाशाचा पट्टा असलेल्या या अल्बमबद्दल सर्वसाधारण समजूत अशी की तो वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसला होता. वस्तुस्थिती वेगळी आहे. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकाच्या वर कधी गेलाच नाही आणि अमेरिकेत २८ एप्रिल १९७३ च्या यादीत तो पहिला आला तो अवघ्या एका आठवड्यापुरता. त्याचे खरे बळ टिकून राहण्यात होते. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या यादीत तो १९७३ ते १९८८ या काळात सातशेहून अधिक आठवडे राहिला. एवढ्या अवधीत त्याच्या आगेमागे पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले कितीतरी अल्बम दुकानांच्या सवलतीच्या खोक्यात जाऊन पडले.

छोट्या पेढीच्या दृष्टीने या फरकाला फार महत्त्व आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. एखादा अल्बम थेट वरच्या क्रमांकावर येतो तेव्हा मोठी साखळी-दुकाने तो कमी किमतीत विकतात, कारण गिऱ्हाईक आत खेचणे हाच त्यांचा उद्देश असतो. आमच्यासारख्याने त्या आठवड्यात पन्नास प्रती उचलल्या आणि निम्म्या पडून राहिल्या, तर नफा तर बुडतोच, शिवाय पुढच्या महिन्याचे भांडवल अडकते. याउलट आठवड्याला दोन-तीन प्रती, पण दर आठवड्याला, असा जो अल्बम खपतो त्याच्यावर दुकानाचे भाडे निघते. ‘डार्क साइड’ असा होता. वडिलांनी नियमच केला होता की त्याच्या तीन प्रती उरल्या की घाऊक विक्रेत्याला फोन जायलाच हवा.

त्यानंतरचा १९७५ सालचा ‘विश यू वेअर हिअर’ ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी पहिला आला. तो गडद रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये पूर्ण गुंडाळलेला येई. बाहेरून दिसे ती फक्त हस्तांदोलन करणाऱ्या दोन यांत्रिक हातांची चिकटपट्टी. प्लॅस्टिक न फाडता कडेने चिरून रेकॉर्ड बाहेर काढणारे काही चिकित्सक गिऱ्हाईक होते आणि आज त्यांच्या प्रतींना आम्ही आनंदाने जास्त पैसे मोजतो. १९७७ चा ‘ॲनिमल्स’ ब्रिटनमध्ये दुसरा आणि अमेरिकेत तिसरा आला; आमच्याकडे त्याचा खप बेताचाच राहिला.

सिंगलच्या बाबतीत या बँडचा हात आखडताच होता. १९६८ नंतर ब्रिटनमध्ये त्यांनी सिंगल काढलेच नाही, ते थेट नोव्हेंबर १९७९ मध्ये ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा दुसरा भाग काढला. त्या वर्षीच्या नाताळात तेच ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते आणि पुढे अमेरिकेतही चार आठवडे पहिले राहिले. एरवी आमच्याकडे फक्त मोठ्या मंडळींनी विचारलेला हा बँड त्या महिन्यात शाळकरी मुलेही खाऊच्या पैशांतून घेऊन जात होती. ज्या अल्बममधून ते आले तो ‘द वॉल’ अमेरिकेत पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. ब्रिटनमध्ये मात्र तो तिसऱ्यावरच थांबला. दोन रेकॉर्डचा संच असल्याने त्याची किंमत जास्त, तरीही लोकांनी हात आखडता घेतला नाही.

खपाचे आकडे वाचताना या ‘द वॉल’नेच आम्हाला सावध केले. अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्यांची संघटना पाच लाख प्रतींना गोल्ड आणि दहा लाखांना प्लॅटिनम असे प्रमाणपत्र देते. त्या हिशेबाने ‘द वॉल’ २३ पट प्लॅटिनम आहे आणि ‘डार्क साइड’ १५ पट. वरवर पाहता पहिला पुढे वाटतो. परंतु दोन तबकड्यांच्या संचातील प्रत्येक तबकडी स्वतंत्र मोजली जाते, त्यामुळे ‘द वॉल’चे संच सुमारे एक कोटी पंधरा लाख होतात. शिवाय ही मोजणी कंपनीतून बाहेर पडलेल्या मालाची असते. तो माल दुकानाच्या फळीवर धूळ खात असला तरी आकड्यात तो आलेला असतो.

सीडीचा काळ आमच्यासाठी भरभराटीचा होता, हे मान्य करायला हवे. ‘डार्क साइड’ १९८४ मध्ये युरोप-अमेरिकेत सीडीवर आला आणि ज्यांच्या घरी एलपी होती तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे मोजायला आले. त्यातले बरेच जण जुनी एलपी आमच्याच टेबलावर सोडून जात. वापरलेल्या रेकॉर्डचा आमचा व्यवसाय खऱ्या अर्थाने उभा राहिला तो या सोडून दिलेल्या ढिगांतून. १९९४ चा ‘द डिव्हिजन बेल’ दोन्ही देशांत पहिला आला आणि पुढच्या वर्षी ‘पल्स’ हा मैफलींच्या ध्वनिमुद्रणाचा संचही. ‘पल्स’च्या सीडीच्या खोक्याच्या कण्यात एक लहानसा लाल दिवा बसवलेला होता आणि तो सतत उघडझाप करीत असे. संध्याकाळी दुकानातले दिवे मालवले की त्या एका फळीवर सगळी खोकी आपापल्या तालात लुकलुकत राहत. वडिलांना ते अजिबात आवडत नसे. आत बॅटरी आहे म्हणजे माल जुना होणार, एवढाच त्यांचा विचार.

मोजणीची पद्धतही दरम्यान बदलली होती. ब्रिटनमध्ये १९८३ पासून गॅलप संस्थेने हे काम हाती घेतले आणि वह्यांच्या जागी यंत्रे आली. अमेरिकेत मे १९९१ पासून बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. तोवर दुकानदार सांगतील त्या क्रमावर भिस्त होती. त्याच वर्षी बिलबोर्डने जुन्या अल्बमसाठी वेगळी यादी केली आणि २००९ च्या अखेरीस हे जुने अल्बम पुन्हा मुख्य यादीत घेतले. ‘डार्क साइड’ आज त्या यादीत नऊशेहून अधिक आठवड्यांचा धनी आहे, पण मधल्या काळात तो विकला जात असूनही मुख्य यादीत दिसत नव्हता.

एकविसाव्या शतकाचे पहिले दशक कठीण गेले. आजूबाजूची दुकाने बंद झाली, आम्ही मोठी जागा सोडून लहान जागेत आलो आणि निम्मा व्यवहार टपालाने करू लागलो. या मंदीतही एक आठवडा लक्षात राहिला. २ जुलै २००५ रोजी हाइड पार्कमधील ‘लाइव्ह एट’ कार्यक्रमात चौघे जुने सदस्य एकत्र उभे राहिले आणि त्यानंतर ‘एकोज’ या त्यांच्या निवडक गाण्यांच्या संग्रहाची विक्री एका मोठ्या साखळी-दुकानात तेराशे टक्क्यांहून अधिक वाढल्याचे जाहीर झाले. २०१० मध्ये, अल्बममधील गाणी सुटी विकण्याच्या प्रश्नावर बँडने लंडनच्या उच्च न्यायालयात आपल्या कंपनीविरुद्ध निकाल मिळवला. पुढे समझोता झाला आणि गाणी सुटीही मिळू लागली, तरी अल्बम सलग ऐकायचा असतो हे बँडचे म्हणणे आमच्या धंद्याला पूरकच होते.

आज आमचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जुन्या छपाईच्या प्रतींवर आहे. ‘डार्क साइड’ची सुरुवातीची ब्रिटिश छपाई ओळखायची तर तबकडीच्या मधल्या लेबलावर निळ्या रंगाने भरलेला त्रिकोण हवा, नंतरच्या प्रतींवर त्रिकोणाची फक्त बाह्यरेषा असते. मग तबकडी उजेडात तिरकी धरून शेवटच्या गाण्यापलीकडच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक वाचायचा. कव्हरच्या आत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर असावे लागतात. बहुतेक प्रतींत पोस्टर नसतेच, कारण पन्नास वर्षांपूर्वी ते कोणाच्या तरी खोलीच्या भिंतीवर गेले, आणि असलेच तर चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोके. ‘द डिव्हिजन बेल’ची १९९४ ची एलपीही अशीच दुर्मीळ. तेव्हा एलपी फार कोणी घेत नसल्याने ती थोडी निघाली, आणि एकाच तबकडीत बसवण्यासाठी गाणी कापलेली होती. पूर्ण लांबीची दोन तबकड्यांची आवृत्ती २०१४ मध्ये आली, तरी जुनीची मागणी घटली नाही. संग्राहकाचे तर्कशास्त्र वेगळेच असते, त्यात आपण पडू नये.

२०१४ च्याच नोव्हेंबरमध्ये बँडचा नवा अल्बम ‘द एंडलेस रिव्हर’ ब्रिटनमध्ये पहिला आला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे सहा हजार एलपी गेल्या, जो १९९७ नंतरचा उच्चांक ठरला. सहा हजार हा आकडा सत्तरच्या दशकात कोणी नोंदवलाही नसता. आम्हाला मात्र त्यावरून हवा कुठे वाहते आहे ते कळले आणि नव्या एलपींसाठी आम्ही पुन्हा जागा मोकळी केली. अमेरिकेत २०२२ मध्ये एलपींनी सीडींना नगांच्या संख्येत मागे टाकले, असे १९८७ नंतर प्रथमच घडले. दुसरीकडे डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डने गाणी ऑनलाइन ऐकणेही मोजायला घेतले. आरंभीच्या सूत्रानुसार पंधराशे वेळा गाणे वाजले की एक अल्बम खपला असे धरले जाई. त्यामुळे यादीतले आजचे स्थान आणि आमच्या फळीवरची घट यांचा मेळ पूर्वीइतका बसत नाही, आणि नवी मागणी नोंदवताना मी यादीपेक्षा मागील तीन महिन्यांचा स्वतःचा विक्रीतक्ता पाहते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बँडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनी कंपनीने सुमारे चाळीस कोटी डॉलरला घेतल्याचे वृत्त आले. गिऱ्हाइकांनी त्यावर आमच्याकडे बरीच चर्चा केली; मला त्यात रस एवढाच की माल कोणत्या दराने मिळेल आणि जुन्या अल्बमच्या नव्या छपाया किती वेळा निघतील. ‘डार्क साइड’च्या पन्नाशीनिमित्त २०२३ च्या मार्चमध्ये निघालेला मोठा संच आम्ही मोजकाच घेतला होता, कारण महाग संच भेट म्हणून एकदा जातो आणि मग थांबतो. साधी एलपी मात्र त्याच महिन्यात नेहमीपेक्षा जास्त गेली. तिच्या तीन प्रती उरल्या की नवी मागणी नोंदवायची, ही वडिलांची पद्धत अजून चालू आहे. फक्त फोनऐवजी ती आता संगणकावरून जाते.