फोनवर नको की!

ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडं फोनवरची भाषा बदलते. काल चंदगडहून मामेभावाचा फोन आला. 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला जायचं का, एवढंच मी विचारलं. (बेळगावचा भाग कर्नाटकात घातला, म्हणून इथले मराठी लोक त्या दिवशी निषेधाची फेरी काढतात.) तर म्हणतो, "फोनवर नको की! रविवारी येतो बेळगावला, तिथं बोलू." फेरीची बातमी पेपरात छापून येते, आणि हा दबक्या आवाजात! वर म्हणाला, मघाशी खट्ट वाजलं, कोणतरी ऐकतंय.

मी खानापुरात अकरा वर्षं एसटीडी बूथ चालवला. पिवळी पाटी, काचेची केबिन, आत एक छोटा पंखा. पंखा लावला की पलीकडचं ऐकू येत नसे, म्हणून लोक तो बंद करून घामाघूम होत ओरडायचे. रात्री 11 नंतर पाव दर, तेव्हा तर रांग. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस कितीला गेली, सगळं बाहेर बाकड्यावर कळायचं. मीही ऐकायचो, खोटं कशाला बोलू? पण ऐकणारा मी समोर दिसत होतो. एक म्हातारी तर रिसीव्हरवर हात ठेवून मला सांगायची, "जरा भाईर हो रे बाळा."

आताचा ऐकणारा दिसत नाही आणि वाजतही नाही. टेलिकॉम कंपनीच्या यंत्रणेतूनच संभाषणाची प्रत सरकारकडं जाते. खट्ट वाजलं ते बहुतेक त्याच्याकडच्या रेंजचं.

ऐकायचा हुकूम कोण देतं? न्यायाधीश नाही. केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिव. एक हुकूम 60 दिवस, वाढवत वाढवत 180 दिवसांपर्यंत. तो बरोबर होता का, हे तपासणाऱ्या राज्याच्या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव. म्हणजे सासूची तक्रार सासऱ्याकडं. 1885 चा टेलिग्राफ कायदा जाऊन 2023 चा दूरसंचार कायदा आला, 2024 मध्ये नवे नियम आले, पण सही सचिवाचीच राहिली. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग मानला, नियम घालून दिले. न्यायाधीशाची परवानगी मात्र सक्तीची केली नाही. इंटरनेटचं तर आणखी सैल. आयटी कायद्याच्या कलम 69 खाली कुठल्याही गुन्ह्याच्या तपासाचं कारण चालतं. फोनसाठी निदान सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षितता दाखवावी लागते. 2019 मध्ये मुंबई हायकोर्टानं लाचेच्या एका प्रकरणात हेच धरून टॅपिंगचे हुकूम रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं.

पण त्या माणसाला निदान कळलं तरी, कारण त्याच्यावर खटला झाला. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला कोण सांगणार? तुमचं बोलणं ऐकलं होतं असं नंतर कळवायची कायद्यात सक्ती नाही, आणि रेकॉर्ड ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचं. माझ्या मते खरी मेख इथं आहे. ऐकूच नये असं मी म्हणत नाही. बाँब ठेवणाऱ्याचा फोन ऐकावाच. पण काम झाल्यावर सांगा तरी! बूथवाल्याला "भाईर हो" म्हणता येत होतं, सचिवाला काय म्हणणार?

आमच्या कर्नाटकात तर 1988 मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपांवरून मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पायउतार व्हावं लागलं. तेव्हा ओरड झाली, कारण पुढाऱ्यांचे फोन होते. आम्हा दोघांच्या फोनसाठी कोण ओरडणार?

त्यात भावाचं सिम महाराष्ट्राचं, माझं कर्नाटकाचं. एकाच बोलण्यावर मुंबईची सही चालेल, बेंगळुरूची चालेल, दिल्लीची तर चालतेच. सीमावाद 2004 पासून सुप्रीम कोर्टात अडकलाय, पण इथं मात्र दोन्ही सरकारांचा दावा बिनविरोध!

हे सगळं मी त्याला फोनवरच ऐकवलं. तो गप्प. मग मी म्हटलं, एवढी भीती वाटते तर रविवारी फोन घरीच ठेवून ये.

"मग बस स्टँडवर तू सापडणार कसा?"