पखवाजाची कणीक

मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्रासाठी अंबाजोगाईला आत्याकडे गेले होते. रात्री शेजारच्या वाड्यात धृपद गायनाची बैठक. संध्याकाळी पखवाजवाले काका दारात आले, "ताई, मूठभर कणीक भिजवून देता का?"

"मीठ घालू?"

"खायची नाही हो, वाजवायचीय!"

पखवाजाच्या उजव्या पुडीवर शाईचा काळा गोल कायमचा असतो. डावीला मात्र दर बैठकीला ओली कणीक थापावी लागते. जास्त झाली की आवाज खोल जातो, कमी पडली की पोकळ वाटतो. काकांनी तीनदा थापली, तीनदा खरवडली. माझ्या पोळ्यांनाही इतकं कुणी तपासलेलं नाही.

आत्याला यात नवल नव्हतं. पखवाजवादक पद्मश्री शंकरबापू आपेगावकर याच तालुक्यातले. "आमच्या लहानपणी रोज ज्वारीची भाकर," ती म्हणाली, "गहू सणावाराला. तरी भजन असलं की पहिली मूठ पखवाजाला. मग आमच्या पोळ्या."

देवळात माझं चित्त बाहेर काढलेल्या चपलांपाशी असतं. इथे चौतालाच्या बारा मात्रा बोटांवर मोजत बसले. गायक लयकारी करत लांब गेला, पखवाज तिसऱ्याच वाटेनं. आता चुकामूक होणार, म्हणून माझाच जीव वर-खाली. तेवढ्यात दोघंही समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर! त्या 'धा'ला वाड्यातल्या सगळ्या माना एकदम हलल्या. बाजूचे पटकेवाले आजोबा "विठ्ठल विठ्ठल" म्हणाले. बंदिश शंकराची होती, पण कुणाला काही खटकलं नाही.

पुढच्या आवर्तनात मोजणं सोडलं. सम येणारच, या भरवशावर हात उचलून धरला. श्रद्धा म्हणतात ती एवढीच असेल, तर बारा मात्रांपुरती माझ्याकडेही आहे म्हणायची.

बैठक संपली. काकांना काय म्हणावं सुचेना. 'छान झालं' हे फारच तोकडं वाटलं, आणि पाया पडायला गेले तर ते कणकेचे हात मागे घेत म्हणाले, "अहो, ताटली द्या आधी." सुरीनं खरवडलेली कणीक त्यांनी ताटलीत काढून दिली. कडेला सुकलेली, मधे बोटांचे ठसे.

टाकवेना. सकाळी आत्याच्या गाईपुढे धरली. तिनं आधी हुंगली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाल्ली.