मॅटप्लॉटलिबमध्ये मराठी तुटतं ते तू दुरुस्त का करत नाहीस? तुम्ही विचारलंत म्हणून

"तू मॅटप्लॉटलिबवर काम करतेस ना, मग ग्राफवरचं मराठी अजून तुटकंच का येतं?" मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथनमध्ये ग्राफ काढायची लायब्ररी. हे कॉलेजातले जुने मित्र विचारतात, वर्कशॉपला आलेली मुलं विचारतात, आता आकडेवारीच्या बातम्या करणारे पत्रकारही विचारायला लागलेत. प्रत्येकाला अर्धवट उत्तर देऊन मी थकलेय, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मी तिथे नोकरीला नाही. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेले बदल) वाचते, टेस्ट चालवते, कधी लिहिते. त्यामुळे "तुमच्या लायब्ररीने" असं कोणी सुरू केलं की मला आधी रागच येतो.

आणि "फॉन्ट बदलून बघ" हे मला कृपया सांगू नका. डीफॉल्टचा डेजाव्यू सान्स आहे त्यात देवनागरी नाहीच, म्हणून चौकोन येतात आणि ग्लिफ (अक्षराचं चित्र) २३२५ मिसिंग अशी वॉर्निंग येते (२३२५ म्हणजे आपला क), जोडीला देवनागरीला नेटिव्ह सपोर्ट नाही असंही लिहून येतं. म्हणजे कोणी काही लपवलेलं नव्हतं. पण मुक्ता किंवा नोटोसारखा देवनागरी फॉन्ट लावला की चौकोन जातात, त्यांच्याबरोबर वॉर्निंगही जाते, आणि मग तुटकं मराठी गुपचूप छापलं जातं. कारण लायब्ररी एकेका अक्षराचा कोड घेऊन त्याचं फॉन्टमधलं चित्र एकापुढे एक ठेवत जाते, आणि आपली ऱ्हस्व वेलांटी टाइप होते अक्षरानंतर पण दिसायला हवी आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायला हवा, जोडाक्षर जुळायला हवं, हे सगळं हार्फबझसारखं शेपिंग इंजिन करतं. ब्राउझरमध्ये ते असतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं नव्हतं.

आता ती गोष्ट सांगते जिच्यामुळे मी या विषयावर शांतपणे बोलू शकत नाही.

नांदेड जिल्ह्यातली एक मुलगी, एमएस्सीचं प्रोजेक्ट तालुकावार पावसावर. ग्राफ मुद्दाम मराठीत केले होते, कारण तेच नंतर पंचायत समितीच्या बैठकीत लावायचे होते. फॉन्ट तिने स्वतः शोधून लावला, चौकोन गेले, खूश झाली. मग नीट बघितलं तर लोहा बरोबर, मुदखेड बरोबर, देगलूर, हदगाव, उमरी सगळे बरोबर, आणि किनवटचं 'कनिवट', हिमायतनगरची वेलांटी म ला, बिलोलीची ल ला, अर्धापूर आणि धर्माबादमध्ये रफार नाहीच, पाय मोडलेला र. सगळीच नावं मोडली असती तर कुणालाही कळलं असतं की सॉफ्टवेअरचा घोळ आहे. पण काही बरोबर आणि काही चूक म्हटल्यावर तिला वाटलं टायपिंग आपलंच चुकतंय. तिने ती नावं परत परत टाइप केली, कीबोर्डचा लेआउट बदलला, दुसरीकडून कॉपी करून आणली, रात्र गेली. एडिटरमध्ये किनवट दिसायचं आणि ग्राफवर कनिवट. सबमिशन होतं, तिने तसंच छापलं.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच ग्राफ बघून विचारलं, स्वतःच्या जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं धड लिहिता येत नाहीत का. ती गप्प बसली, कारण काय सांगणार, तिलाच खात्री नव्हती. पुढे डेटा कसा गोळा केला, नोंदींतले खाडे कसे भरले, ज्यावर तिने खरी मेहनत घेतली होती, त्याबद्दल कोणी फारसं विचारलंच नाही. नंतर एका वर्कशॉपला ती मला भेटली, लॅपटॉप उघडून दाखवलं आणि म्हणाली, ताई, यात माझं काय चुकलं ते सांगा ना. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ते सांगितल्यावर तिला रडू आलं. आणि बैठकीत लावायचे ग्राफ तिने तोवर इंग्रजीत करून टाकले होते.

मग दुरुस्त का केलं नाही? त्या दिवशी घरी येऊन मीही हेच म्हणत होते, आणि तेव्हाच्या मला आजही पूर्ण गप्प करता येत नाही. तिचं म्हणणं सरळ होतं: शेपिंग इंजिन जोडा, ज्या टेस्ट मोडतील त्यांची चित्रं नवीन काढा, संपलं.

पण या टेस्ट कशा चालतात ते बघा. कोड एक चित्र काढतो आणि ते रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवलेल्या बेसलाइन (नमुना) इमेजशी पिक्सेल-पिक्सेलने ताडून बघितलं जातं. पीडीएफ असेल तर घोस्टस्क्रिप्टमधून, एसव्हीजी असेल तर इंकस्केपमधून पीएनजी करून. अक्षराची कड जराशी हलली तरी टेस्ट फेल. म्हणून तर टेस्टसाठी फॉन्टमधून अक्षरांची चित्रं काढणारं फ्रीटाइप कित्येक वर्षं २.६.१ वर, म्हणजे २०१५ सालच्या आवृत्तीवर बांधून ठेवलं होतं. अक्षरं मांडण्याची पद्धत बदलली की देवनागरीचा संबंध नसलेल्या, अक्षावरच्या नुसत्या आकड्यांच्या चित्रांनाही धक्का लागतो, शेकड्यांनी टेस्ट लाल होतात, आणि त्यातला खरा बिघाड कोणता हे मग कळत नाही. शिवाय प्रत्येक नवीन चित्र गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात कायमचं बसतं. जॉन हंटरने २००३ मध्ये हे सुरू केलं तेव्हा त्याला एपिलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूतले सिग्नल बघायचे होते. आज ते इतक्या लोकांच्या संशोधनाखाली आहे की आपला ग्राफ नकळत बदलू नये ही अपेक्षा चुकीची म्हणताच येत नाही.

ती तेव्हाची मी म्हणते, २०१७ ला २.० आवृत्तीत डीफॉल्टची जेट रंगमाला बदलून व्हिरिडिस आणलीच ना, तेव्हा नाही का सगळ्यांचे ग्राफ बदलले? बदलले. पण ज्याला जुनं हवं त्याला क्लासिक स्टाइल एका ओळीत मिळते. अक्षरांची दोन इंजिनं तशी बाळगत बसता येत नाहीत. यावर ती म्हणते की रंगांसाठी एवढी खटपट केली, लिपीसाठी नंबर इतका उशिरा का लागला. याला माझ्याकडे उत्तर नाही. इतर कामं होती, माणसं कमी होती, हे खरं आहे, आणि नांदेडच्या त्या मुलीला ते सांगून उपयोग नाही हेही खरं आहे.

पुढे टेक्स्टचे मोठे बदल वेगळ्या ब्रांचमध्ये (कोडच्या वेगळ्या प्रतीत) एकत्र जमवायचे, त्यात हार्फबझ आणि ते वापरून मजकूर मांडणारं लिब्राक्म आणायचं, फ्रीटाइपही नवीन करायचं आणि चित्रांचा धक्का एकदाच सोसायचा, असा मार्ग काढला गेला. मला तो पटतो. काळजी वेगळीच आहे. इमेज टेस्ट फक्त एवढंच सांगते की चित्र कालच्यासारखंच आहे. काल ते बरोबर होतं का हे माणसालाच बघावं लागतं. देवनागरी न वाचणाऱ्या रिव्ह्यूअरला 'नाशकि' आणि 'नाशिक' दोन्ही सारखेच छान दिसणार. उद्या चुकीचं चित्र बेसलाइन म्हणून बसलं की टेस्ट त्या चुकीचीच राखण करणार, आणि कोणी बरोबर केलं तर त्यालाच फेल म्हणणार. शिवाय मराठीचं आपलं वेगळं आहे, दर्या आणि दऱ्या वेगळे दिसायला हवेत, ल आणि श आपल्या वळणाचे हवेत आणि त्यासाठी फॉन्टमध्ये सोय असेल तरी भाषा मराठी आहे हे इंजिनला सांगावं लागतं. हे हिंदी वाचणाऱ्याच्याही नजरेतून सुटू शकतं.

तुमच्याकडे हा बदल नसलेली जुनी आवृत्ती असेल तर आत्तापुरतं एवढं करा: एसव्हीजीमध्ये सेव्ह करताना आरसीपॅराम्समधलं (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमधलं) svg.fonttype 'none' ठेवा, म्हणजे अक्षरं अक्षरंच राहतात आणि ब्राउझर ती नीट जुळवतो, फक्त बघणाऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट हवा. छापायला पीडीएफ हवं असेल तर मजकूर लाटेककडून मांडून घेणारा पीजीएफ बॅकएंड आणि झीलाटेक (XeLaTeX), किंवा शेपिंग करणारा वेगळा बॅकएंड एमपीएलकैरो (mplcairo) वापरा. इंग्रजीत लेबलं करा असं मी आता कुणाला सांगत नाही, पण उद्या सबमिशन आहे म्हणून कोणी केलीच तर त्याला दोषही देत नाही.

आणि तुमच्या गावाचं, तालुक्याचं, पिकाचं एखादं नाव ग्राफवर मोडत असेल तर ते नाव, फॉन्ट आणि आवृत्ती लिहून मला पाठवा, शेजारी बरोबर कसं दिसायला हवं त्याचं चित्रही जोडा. माझ्या यादीत सध्या मराठवाड्यातली नावं जास्त आहेत, कोकणातली फारच कमी.