दमलेय म्हणून वेळेत सांगणारी पार्टनर

माउंटन बाइक रेस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकटी बाई, एक सायकल आणि समोर डोंगर असंच येतं, आणि ऑलिम्पिकमधली क्रॉस कंट्री रेस असते पण तशीच, प्रत्येक जण आपापली. पण मला खरं वेड लावलंय ते जोडीने खेळायच्या रेसने, आणि त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे साउथ आफ्रिकेतली केप एपिक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००४ ला सुरू झाली, वेस्टर्न केपच्या डोंगरांत, द्राक्षाच्या मळ्यांतून, मार्च महिन्यात, सलग आठ दिवस. पहिल्या दिवशी छोटा प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीची छोटी रेस, आणि मग सात स्टेज. एकूण अंतर सहाशे ते सातशे किलोमीटर आणि चढ पंधरा हजार मीटरच्या आसपास, म्हणजे समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या टोकापर्यंत नऊ वेळा चढायचं, आणि रस्ता बघाल तर दगड, वाळू, सिंगल ट्रॅक (एकच सायकल जाईल एवढी अरुंद वाट), वर ऊन. पुरुषांच्या लीडर्सना पिवळी जर्सी, बायकांच्या लीडर्सना केशरी, आणि बक्षिसाची रक्कम दोघांना सारखी. हे शेवटचं मी मुद्दाम लिहितेय कारण खूप ठिकाणी अजून तसं नाही.

पण या रेसची खरी मजा एका नियमात आहे. टीम दोघींची असते आणि दोघींच्या मधे दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, वाटेतल्या चेकपॉइंट्सवर ते बघतात आणि जास्त पडलं तर टाइम पेनल्टी बसते. टीमचा टाइम कधी लागतो, तर दुसरी फिनिश लाइन ओलांडते तेव्हा. पहिली कितीही आधी पोचली तरी त्याला काही अर्थ नाही. आणि एखादीने वाटेत रेस सोडली तर दुसरी पुढे चालवू शकते, पण टीम म्हणून त्यांचा निकाल संपला.

आता यातून काय होतं बघा. तुमचा स्पीड ठरवते ती त्या दिवशी जिचे पाय चालत नाहीयेत ती. मग जी फ्रेश आहे तिची ताकद कशासाठी वापरायची? वाऱ्यात पुढे राहून दुसरीला मागे ड्राफ्टमध्ये, म्हणजे आपल्या आडोशाला ठेवायचं, उतारावर पुढे जाऊन लाइन, म्हणजे सायकल कुठून काढायची ते दाखवायचं, वॉटर पॉइंटला दोघींच्या बाटल्या आपण भरून आणायच्या, चढावर तिच्या पाठीला हात लावून ढकलायचं. हो, पार्टनरला ढकलणं या रेसमध्ये चालतं. फोटोंमध्ये बघा, एकीचा एक हात हँडलवर आणि दुसरा पार्टनरच्या पाठीवर. कधी उलटं, मागची पुढचीच्या जर्सीचा खिसा धरून ओढून घेतेय स्वतःला. मला हे फोटो फिनिशच्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात, कारण एका हाताने सायकल सांभाळत, खडकाळ चढावर, दुसऱ्या माणसाचं वजन ढकलत राहायचं म्हणजे स्वतःच्या पायातलं किती जातं ते जिने केलंय तिलाच कळतं.

पण मला जे सांगायचंय ते ढकलणारीबद्दल नाहीये, ती तर सगळ्यांना दिसते. मला जिला ढकललं जातं तिच्याबद्दल लिहायचंय. कारण तिने वेळेवर तोंड उघडलं नाही तर मागून येणारा तो हात येतच नाही.

एंड्युरन्समध्ये गणित साधं आहे. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंचं इंधन, काही तासांत संपत येतं, म्हणून रेसमध्ये तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्ब पोटात जायला लागतात, जेल म्हणा, केळं म्हणा, ड्रिंक म्हणा. ते चुकलं की आधी हलकंसं जाणवतं, चिडचिड होते, वळणावर ब्रेक उशिरा लागतो, समोरचा दगड दिसतो पण हात हलत नाही. तेव्हाच पार्टनरला सांगितलं, "अगं, जरा हळू घे, खाऊ दे मला," तर तुमचं काय जातं, एखादं मिनिट. आणि नाही सांगितलं, दात ओठ खात तिच्या चाकाला चिकटून राहिलात, तर अर्ध्या तासाने पूर्ण बंद पडता, आणि मग दोघींची वीस मिनिटं जातात, कधी अख्खी रेसच जाते.

आणि इथे मला वाटतं आपल्याला, म्हणजे बायकांना, जास्त कष्ट घ्यावे लागतात. लहानपणापासून काय ऐकलेलं असतं आपण? दुखत असलं तरी बोलायचं नाही, घरात सगळ्यांचं झाल्यावर आपण जेवायचं, "मला काही नाही होत" हे तर आईचं, आजीचं, मावशीचं ठरलेलं वाक्य. ग्रुपमध्ये राइडला आलेली नवीन मुलगी बघा, ती थांबायला सांगणार नाही, उलट सॉरी म्हणेल, "माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतोय ना." तिला कोणीतरी सांगायला पाहिजे की बाई गं, तू बोललीस तर आपण सगळ्या लवकर पोचू. हे मी धीर द्यायचं म्हणून म्हणत नाहीये, केप एपिकचे निकाल बघितले तर हेच दिसतं.

अनिका लांगवाडचं उदाहरण घ्या. डेन्मार्कची, शिक्षणाने डेंटिस्ट, मॅरेथॉन एमटीबीची, म्हणजे लांब पल्ल्याच्या माउंटन बाइकिंगची, बऱ्याच वेळची वर्ल्ड चॅम्पियन, २०१६ ला क्रॉस कंट्रीचीही वर्ल्ड चॅम्पियन. केप एपिक ती जिंकली २०१४, २०१५ आणि २०१६ ला आरियान क्लाइनहान्सबरोबर, २०१८ ला केट कोर्टनीबरोबर, २०१९ ला ॲना फान डर ब्रेखनबरोबर. २०२० मध्ये रिटायरमेंट जाहीर केली, आणि मग परत येऊन २०२५ ला सोफिया गोमेझ विजाफान्येबरोबर पुन्हा जिंकली. पार्टनर चार, चौघींबरोबर जिंकली! आणि चौघी चार तऱ्हेच्या. कोर्टनी तेव्हा एलिटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, नवीकोरी होती. फान डर ब्रेखन तर रोडची राणी, रिओची ऑलिम्पिक चॅम्पियन आणि त्या वेळची रोड वर्ल्ड चॅम्पियन, दगडधोंड्यांतली सायकलिंग तिची रोजची नव्हे. दर वेळी समोरची वेगळी, तिचा जोर वेगळा, तिचे बंद पडायचे सिग्नल वेगळे, आणि तरी जमवायचं. नुसते पाय मजबूत असून हे होत नाही. मी तर म्हणेन लांगवाडचं सगळ्यात मोठं टॅलेंट पार्टनर म्हणूनच आहे, आणि त्याला वेगळं मेडल नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि यातली कोर्टनीची गोष्ट तर मला कुणालाही सांगायला आवडते. मार्च २०१८ मध्ये दोघींनी एकत्र केप एपिक जिंकली, आठ दिवस एकमेकींच्या चाकाला चाक लावून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडच्या लेन्झरहाइडला वर्ल्ड चॅम्पियनशिप, तिथे प्रत्येकीला स्वतःसाठी जिंकायचं. शेवटच्या लॅपमध्ये लांगवाड पुढे होती, तिचा तोल गेला, कोर्टनी पुढे निघाली आणि जिंकली. लांगवाड सिल्व्हर. २००१ नंतर पहिल्यांदा अमेरिकन बाई क्रॉस कंट्रीची वर्ल्ड चॅम्पियन झाली. लोक म्हणतात मैत्री आणि रेसिंग एकत्र जात नाही, बायकांचं तर मुळीच नाही, एकीला दुसरीचं बघवत नाही वगैरे वगैरे. मला या बोलण्याचा मनापासून राग येतो. कोर्टनीने तिथे थांबून वाट बघायला पाहिजे होती का? अजिबात नाही. त्या दिवशी नियम वेगळा होता आणि दोघींना तो माहीत होता. तिने पूर्ण ताकदीने पुढे जाणं हाच तिथे मान आहे. मार्चमध्ये पाठीवर हात आणि सप्टेंबरमध्ये सुसाट ओव्हरटेक, दोन्ही त्याच दोघी.

तसंच टोकियो ऑलिम्पिकचं. २७ जुलै २०२१, इझूचा कोर्स, पाऊस पडून गेलेला, आणि बायकांच्या रेसमध्ये तिन्ही मेडल स्वित्झर्लंडला: योलांडा नेफ, सिना फ्राय, लिंडा इंडरगांड. एमटीबीच्या ऑलिम्पिक इतिहासात असं आधी कधीच झालं नव्हतं. नेफचा दीड वर्षापूर्वी ट्रेनिंगमध्ये भयंकर अपघात झाला होता, प्लीहा फाटली, फुफ्फुसाला मार बसला, आणि ऑलिम्पिकच्या काही आठवडे आधी हात मोडलेला. रेसमध्ये तिघी एकमेकींच्या विरुद्धच होत्या, पण एका देशाच्या टीममधून आलेल्या, आणि फिनिशला तिघी एकमेकींना मिठी मारताना बघून मी इकडे घरी उड्या मारल्या होत्या. त्यातली सिना फ्राय तीनच महिन्यांनी केप एपिकला उतरली (कोविडमुळे त्या वर्षी रेस ऑक्टोबरमध्ये होती), ऑस्ट्रियाच्या लॉरा श्टिगरबरोबर, आणि जिंकली. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रिया, जुलैमध्ये समोरासमोर, ऑक्टोबरमध्ये एकाच टीममध्ये.

माझी सगळ्यात लाडकी जोडी मात्र २०२३ ची. किम ल कोर्ट मॉरिशसची आणि व्हेरा लूझर नामिबियाची. सायकलिंगमध्ये फारसं नाव नसलेल्या दोन देशांतल्या दोघी, आणि मोठमोठ्या टीम्सना मागे टाकून केशरी जर्सी घेऊन गेल्या. मॉरिशस म्हटल्यावर आपल्याला थोडं जास्तच आपलं वाटतं, तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी माणसं आहेत, तिथली गणेशचतुर्थी आहे, त्यामुळे मी तेव्हापासून तिला फॉलो करतेय. पुढच्या वर्षी ती रोड रेसिंगच्या मोठ्या टीममध्ये गेली, २०२५ ला लिएज-बास्तोन-लिएज ही बेल्जियमची मोठी रोड रेस जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात बायकांच्या टूर द फ्रान्समध्ये लीडरची पिवळी जर्सी घातली, असं करणारी आफ्रिकेतली पहिली बाई. आणि पिवळी जर्सी अंगावर असताना काय केलं? टीममेट सारा जिगांते उतारावर मागे पडली होती, तर ही लीडर असून तिच्यासाठी मागे आली आणि तिला ओढत पुन्हा ग्रुपमध्ये आणून सोडलं. कॉमेंटेटर्सना आश्चर्य वाटलं असेल, मला नाही वाटलं, जिने दोन मिनिटांच्या नियमात आठ दिवस काढलेत तिच्या अंगात हे भिनलेलं असणारच.

आता आपल्याकडचं. मी आणि माझी पार्टनर पुण्याच्या आसपास चालवतो, टेकड्या, मुळशीकडचे कच्चे रस्ते, पावसाळा संपला की ट्रेल वाळतात तेव्हा तर जवळजवळ प्रत्येक रविवार. ती चढावर माझ्यापेक्षा खूप भारी, मी उतारावर सुटते. आम्ही एक पद्धत पाडून घेतलीय, आकडा सांगायचा. ती मधेच ओरडते "किती?" आणि मी सांगते सहा, म्हणजे दहापैकी सहा शिल्लक आहे. चार किंवा खाली गेलं की चर्चा नाही, स्पीड कमी, राजगिऱ्याची चिक्की तोंडात, पाणी, आणि जी फ्रेश आहे ती पुढे वाऱ्यात. "मी बरी आहे" हे उत्तर आमच्याकडे बाद आहे, आकडाच पाहिजे. सुरुवातीला तीन म्हणायला जीभ रेटत नव्हती, दोघींचीही, आता सवय झालीय आणि खरं सांगते, आमच्या राइड्स यामुळेच फास्ट झाल्यात. सामान पण वाटून घेतो, ट्यूबलेसचे प्लग आणि पंप एकीकडे, चेन टूल आणि क्विक लिंक दुसरीकडे, म्हणजे एकीला सोडून दुसरीने पुढे जायचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे टॅलेंट नाही असं कुणी म्हणू नका. संगमनेरची प्रणिता सोमण एमटीबीत देशात नाव कमावून आहे, २०२३ ला एशियन माउंटन बाइक चॅम्पियनशिप तर केरळमध्ये पोनमुडीला झाली, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या रांगेत. आणि टीमने खेळायची परंपरा पण आहे, पुण्यातली एन्ड्युरो३ घ्या, तिघांची टीम, सायकल, ट्रेक सगळं एकत्र, किती मुलींनी त्यातून डोंगर पहिल्यांदा बघितलाय. पण फक्त एमटीबीच्या लोकल रेस बघितल्या तर बायकांची कॅटेगरी एकच, सोलो, आणि स्टार्ट लाइनवर मोजक्या मुली, त्यातल्या अर्ध्या एकट्या आलेल्या, घाबरलेल्या. ज्यांना यायचं असतं त्या म्हणतात, "एकटी कशी येऊ गं, मधेच काही झालं तर?" ही काळजी खोटी नाहीये. जंगलात, रेंज नसलेल्या ठिकाणी, चेन तुटली, पडलं, लागलं, तर सोबत कोणीतरी पाहिजेच.

म्हणून रेस ऑर्गनाइझ करणाऱ्या सगळ्यांना माझी मनापासून विनंती आहे, बायकांसाठी जोडीची कॅटेगरी ठेवा. आठ दिवसांची नको, एका सकाळची ठेवा, तीस-चाळीस किलोमीटर, दोन मिनिटांचा नियम, दुसरी पोचल्यावर टाइम, बक्षीस पुरुषांएवढंच. एकट्या यायला कचरणाऱ्या कितीतरी मुली मैत्रिणीला घेऊन येतील, बहिणी येतील, नणंद-भावजय येतील, आणि माझ्या ओळखीत तर एक आई-मुलीची जोडी आत्ताच तयारीत बसलीय. नियम लिहून द्यायला, मार्शल म्हणून उभं राहायला, रूट मार्किंगला, कशालाही आम्ही दोघी येऊ. आणि ज्या वर्षी आम्ही मार्शल नसू त्या वर्षी पहिली एंट्री आमची धरा.