खुब्याचे अंश
आज नेव्हिगेशन (हाडांची जागा आणि कोन पडद्यावर दाखवणारी कॉम्प्युटर यंत्रणा) लावून केलेलं खुब्याचं सांधारोपण जवळून बघायला मिळालं. कमरेच्या हाडात पिना, त्यांवर चकाकणारे छोटे गोळे, समोर ते गोळे टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा. कप, म्हणजे सांध्याची कृत्रिम वाटी, बसवताना पडद्यावर तिचे कोन सरकत होते. १९७८ सालापासून ३० ते ५० अंश कल आणि ५ ते २५ अंश पुढचा झुकाव सुरक्षित मानतात. अर्थात त्यात बसवलेला सांधाही कधीकधी निखळतोच. पण कुशीवर झोपवलेल्या पेशंटची कंबर नकळत कलते, तिथे नुसती नजर फसते. मध्येच गोळ्यावर रक्ताचा थेंब उडाला आणि आकडेच गायब! सिस्टरनी पुसल्यावर परत आले. मला सगळ्यात भावलं ते पायाच्या लांबीचं मोजमाप, टाके घालण्याआधीच, मिलिमीटरमध्ये. ऑपरेशननंतर एक पाय लांब वाटणाऱ्यांचे हाल फिजिओथेरपीत मी रोज बघते.